सरबतअत्यांचं लेबल

मुलगी बघायला गेलेल्या माणसानं मुलगी बघावी. मी बरणी बघितली. नुसती बघून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तिचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि छाती भरून वास घेतला.

त्याचं असं झालं. खताच्या कंपनीनं मला कऱ्हाडहून उचलून कावेरीच्या खोऱ्यात, तंजावूरला नेऊन टाकलं होतं. भात पिकवणाऱ्यांना मोडक्या तमिळमध्ये युरिया समजावून सांगायचा, हे माझं काम. मराठी बोलणारं कुणी भेटलं की मी तहानलेल्यासारखा त्याच्या मागे जायचो, आणि असाच एकाच्या मागे जाता जाता राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका घरी मुलगी बघायला जाऊन पोचलो. हात धुवायला म्हणून मला मागच्या पडवीत नेलं. तिथं फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या. एकीत शुभ्र, मिठासारखी पूड. मला वाटलं, लिंबाचं फूल असणार. पुढचं नीट सांगता येत नाही, कारण डोळे मिटले होते. नाकात कुणी अख्खी काडेपेटी एकदम पेटवावी तसं झालं. खोकला, ठसका, डोळ्यांतून धारा. त्याच अवस्थेत मला बैठकीत आणून बसवलं आणि समोर शिरा-भज्यांची ताटली घेऊन मुलगी आली. तिनं पाहिलं, तर नवरा मुलगा रडतोय. सासूबाईंनी पुढं गल्लीभर सांगितलं, "मुलगा मनानं फार मऊ आहे."

खरं काय घडलं ते फक्त एका व्यक्तीला ठाऊक होतं. पडवीच्या दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, कांजी केलेली सुती साडी, कमरेला किल्ल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं केला, बरणीचं झाकण घट्ट फिरवलं आणि म्हणाल्या, "जावईराव, वास फुलाचा घेतात. बरणीचं लेबल वाचतात."

अजून काहीच ठरलं नव्हतं, तरी जावईराव. मी ठसकत म्हणालो, "लेबल तमिळमध्ये आहे."

"खाली इंग्रजीतही आहे."

होतं. 'हुंगू नये' असंसुद्धा होतं.

या माझ्या बायकोच्या, सुगुणाच्या आत्या. तिकडे आत्याचा पहिला 'आ' आखूड करून 'अत्या' म्हणतात. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. लहानथोरांच्या त्या सरबतअत्या. गृहविज्ञानाची पदवी घेतलेली, मुलींच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलेलं, आणि मग शाळा सोडून घरामागच्या शेडमध्ये लिंबाचं सरबत, जांभळाचं सरबत आणि ईडलिंबाचं लोणचं करायचा छोटा कारखाना काढलेला. गल्लीतल्या आणि आसपासच्या सहा-सात बायका तिथं कामाला. लग्न का केलं नाही, असं एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "मुहूर्त नेहमी लिंबांच्या मोसमात निघे."

त्यांचं मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांबरोबर तंजावूरला आलेलं आणि मग परत जायचं विसरलेलं. त्यात 'आम्हांस' आणि 'तुम्हांस' ऐटीत बसलेले, आणि मधूनमधून तमिळ शब्द शेजाऱ्यासारखे न विचारता आत आलेले. माझं बोलणं ऐकून त्या म्हणायच्या, "तुमचं मराठी फार घाईत असतं, जावईराव. गाडी चुकायची आहे काय?"

पहिली गोष्ट मला कळली ती म्हणजे त्यांच्यासमोर 'चिमूटभर' हा शब्द काढायचा नाही. लग्नानंतर मी सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये लुडबूड करायला जायचो. एकदा सहज म्हणालो, "त्या पुडीची काय ती चिमूटभर घालायची ना?" सगळ्या बायका हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. काहीतरी होणार हे त्यांना माहीत होतं.

"चिमूट कोणाची?" अत्या म्हणाल्या. "माझी, की सेल्वीची?"

सेल्वी हा त्यांचा उजवा हात. धिप्पाड, हसरी, बोटं केळ्यासारखी. तिनं लगेच बोटं वर करून दाखवली.

"तिच्या एका चिमटीत माझ्या दोन मावतात. मग बाटलीनं कोणाचं ऐकायचं?" असं म्हणून त्यांनी काचेच्या पेटीतला औषधवाल्याचा तराजू पुढं ओढला. तो तराजू इतका नाजूक की मी शिंकलो तर पारडं हलायचं. म्हणून वजन करताना मला दाराबाहेर उभं करत. एक किलो सरबताला एक ग्रॅमहूनही कमी पूड. ती आधी थोड्या पाण्यात विरघळवायची, मग पाक पूर्ण निवल्यावरच मिसळायची. पाक गरम असताना घातली की तिचा वायू होऊन उडून जातो, आणि घालणारी बाई समाधानात राहते की आपण घातली. "नुसतं समाधान बाटलीत टिकत नाही," अत्या म्हणायच्या.

त्या पुडीचं नाव पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. माझ्यासारख्या खतवाल्यालाही ते एका दमात म्हणता येत नसे. अत्या मात्र ते एखाद्या भाच्याचं नाव घ्यावं तितक्या सहज घेत. गल्लीतल्या लोकांना मात्र ते फक्त 'औषध' होतं. "सरबत छान आहे, पण त्यात औषध घालतात म्हणे," असं म्हणत शेजारणी दुसरा पेला मागायच्या. अत्या रागवत नसत. पेला भरून देताना सांगत, "औषध नव्हे, पहारेकरी आहे. बुरशीला आणि आंबवणाऱ्या किड्याला आत येऊ देत नाही. तुमच्या चहात पडते ती पांढरी साखर कारखान्यात गंधकाच्या धुरातूनच येते. सोनेरी मनुकेही. त्यांस कोणी विचारत नाही." मग थोडं थांबून म्हणत, "पण पहारेकरी एक पुरतो. दहा ठेवले तर तेच घर लुटतात."

एकदा मी हटकून विचारलं की जांभळाच्या सरबताला हीच पूड का चालत नाही, वेगळी बरणी कशाला?  त्यांनी पेल्यात जांभळाचा रस ओतला, त्यात पूड टाकली आणि चमच्यानं ढवळलं. तो गडद जांभळा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला. आजारी माणसाच्या चेहऱ्यावरून उतरावा तसा. शेवटी पेल्यात फिकट, गुलाबीसर पाणी उरलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. रोज पोत्यानं रसायनं विकणारा मी, पण त्यांतल्या एकाला काम करताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पाहिलंत? हा रंग खातो. लाल-जांभळ्याला दुसरा पहारेकरी, बेंझोएट. कोणास कुठं उभं करायचं ते कळलं पाहिजे." आणि तो फिकट पेला मोरीत ओतताना पुटपुटल्या, "ताकद आहे म्हणूनच तोलून घ्यायचा."

त्या दिवसापासून मी शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढायला लागलो. देवळात जातो तसं.

मग ते दिवस आले, जेव्हा बाजार अचानक मोठा झाला. तंजावूरच्या दुकानांत थंड पेयांच्या परदेशी कंपन्यांचे काचेच्या दाराचे फ्रिज आले. फ्रिज कंपनीचा, वीज दुकानदाराची, आणि त्यात दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. अत्यांच्या बाटल्या आधी गल्ल्यावरून फळीवर गेल्या, मग फळीवरून खालच्या खोक्यात. सणासुदीची गिऱ्हाइकंसुद्धा आता पाहुण्यांपुढं फसफसणारं काळं पाणी ठेवायला लागली. दोन उन्हाळे असे गेले. अत्यांनी शेडमधल्या बायकांना स्वच्छ सांगितलं, "पुढचा उन्हाळा असाच गेला तर शेडला कुलूप."

तेवढ्यात मद्रासहून एक व्यापारी आला. त्याला सगळे 'मुदलाळी' म्हणत, म्हणजे मालक. गोरटेला, गोड बोलणारा, बोटात अंगठी. मोठ्या शहरांतल्या नव्या, चकचकीत दुकानांसाठी त्याला 'घरगुती' सरबत हवं होतं. त्यानं अत्यांचं लिंबाचं सरबत चाखलं आणि डोळे मिटून घेतले. वर्षभर पुरेल एवढी मागणी देतो म्हणाला. लेबल मात्र रंगीत हवं, त्यावर हसरी बाई हवी. 'परिरक्षक घातलेले आहे' ही कायद्यानं लिहावी लागणारी ओळ त्याला फार खुपत होती. पण अत्या हलल्या नाहीत आणि तेवढ्यावर त्यानं मान तुकवली. पंधरवड्यानं येऊन पक्कं करतो म्हणाला. शेडमध्ये सणासारखं वातावरण झालं. सेल्वीनं त्याच आठवड्यात मुलीचं नाव कॉम्प्युटरच्या क्लासात घातलं.

या पंधरवड्यातच सुगुणाच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता.

व्याही तिरुवैयारूचे. गाणं शिकवणारे, तिथल्या नदीकाठच्या गल्लीत त्यांच्या शिष्यांची रांग लागायची. शांत, रुंद छातीचे गृहस्थ. बोलायला लागले तरी सुरात बोलत आहेत असं वाटे. घरात गडबड उडालेली. अत्या बाहेर बैठकीत पाहुण्यांत. सरबताच्या बाटल्या स्वयंपाकघरात पोचवून त्यांनी बजावून ठेवलं होतं, एक भाग सरबत, तीन भाग पाणी. बाटलीवर लिहिलेलंही होतं.

पण आमच्या सासूबाईंच्या घराण्यात एक नियम होता, आणि तो कुठल्याही लेबलापेक्षा जुना होता. व्याह्यांना पातळ काही द्यायचं नाही. कॉफी द्यायची तर पहिल्या धारेच्या दाट अर्काची. आमटी द्यायची तर वरच्या पाण्याची नव्हे, तळाची. इतरांना दुसऱ्या धारेची चालेल, व्याह्यांना चालायची नाही. पूर्वी कुणाच्या तरी लग्नात पातळ कॉफीवरून पंगत उठली होती, असं त्या अजून सांगायच्या. तेव्हा सेल्वीनं तांब्या उचलून पाणी ओतायला घेतल्याबरोबर सासूबाईंनी तिचा हात धरला. "अय्यो, व्याह्यांस पाणी घालून देतेस काय? आमची अब्रू घालवतेस?" आणि चांदीच्या पेल्यात त्यांनी स्वतःच्या हातानं निव्वळ सरबत काठोकाठ भरलं. बर्फाचा एक खडा, वर केशराच्या दोन काड्या.

व्याह्यांनी मानाचा पेला म्हणून तो पूर्ण संपवला. गोडमिट्ट, आंबटढाण, घसा धरेल असं ते सरबत. पण व्याह्यांच्या घरचा पेला अर्धा ठेवायचा नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम असावा.

थोड्याच वेळात ते बोलता बोलता थांबले. हात छातीवर गेला. श्वास आत जात होता, पण बाहेर यायला वाट मिळत नव्हती. छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. ओठ काळसर पडले. "हार्ट, हार्ट" असं कुणीतरी ओरडलं. गाडीत घालून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. मी, अत्या, विहीणबाई, नवरा मुलगा, आणि आधाराला सेल्वी.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं प्राणवायूचा मुखवटा लावला, छाती तपासली आणि वळून विचारलं, "यांना दमा आहे का?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. जरा जास्तच लवकर म्हणाल्या.

"आज काय खाल्लं-प्यायलं?"

नवरा मुलगा सांगायला लागला. भजी, शिरा, कॉफी. मी मान डोलावत होतो. सरबताचं नाव त्यानं घेतलं नाही. बहुधा त्याला ते आठवलंच नसावं. मला आठवत होतं. पण दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात निम्मं तंजावूर बसलेलं असतं, मुदलाळी पुढच्या आठवड्यात यायचा होता, आणि मला वाटलं, सरबतानं कुठं माणूस मरतो?

अत्या एक पाऊल पुढं आल्या. सेल्वीनं मागून त्यांचा पदर धरला. "वेंडाम, अम्मा," ती कुजबुजली. नको, अम्मा.

अत्यांनी पदर सोडवून घेतला, हळूच, लहान मुलाच्या मुठीतून सोडवावा तसा. आणि वर्गात बोलत असत त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझं सरबत प्यायले आहेत. त्यात सल्फाइट आहे. पेल्याच्या तळाशी पाहिलं मी, पाणी घातलेलं नव्हतं. निव्वळ प्यायले आहेत. काही दमेकऱ्यांस ते सोसत नाही, असं मी वाचलं आहे."

 डॉक्टरनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा विहीणबाईंकडे वळली. आता विहीणबाईंचा धीर सुटला. रडत म्हणाल्या, "आहे. लहानपणापासून आहे. गाणारा माणूस, कोणास सांगणार? धाप लागणाऱ्याकडे लोक मुलांस गाणं शिकायला पाठवतील काय? सोयरीक करताना कसं सांगणार?" आणि पिशवीतून त्यांनी नवऱ्याच्या नेहमीच्या गोळ्या काढून दाखवल्या. डॉक्टरनं त्या पाहिल्या, नर्सला इंजेक्शन सांगितलं. शिट्टी हळूहळू बारीक झाली. ओठांवर रंग परत आला. मी भिंतीला टेकलो.  अत्या ताठ उभ्या होत्या. मी मुद्दाम पाहिलं.

एका घरानं दमा लपवला होता, दुसऱ्यानं सरबत लपवलं असतं, दोन्ही अब्रूसाठीच. आणि त्या दोघांच्या मध्ये एक माणूस श्वासासाठी तडफडत पडला होता. हे मला नंतर, घरी जाऊन जेवताना सुचलं. अत्यांना ते तिथंच, उभ्या उभ्या सुचलं होतं.

घरी आल्यावर सासूबाई देवापुढं बसून रडत होत्या. सगळे अत्यांची समजूत घालायला लागले. तुमचा काय दोष? तुम्ही पाणी घाला म्हणून लिहिलंच होतं की. मीही त्यात होतो. अत्यांनी आधी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. "वहिनी, तू मानानं दिलंस. तुला कोणी सांगितलंच नव्हतं." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी घाला असं लिहिलं होतं, खरं. का घाला, ते कुठं लिहिलं होतं? फार गोड लागू नये म्हणून, असंच वाटणार कोणासही. मी वाचलं होतं, मला ठाऊक होतं, आणि माझ्या बाटलीस ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेबलाची नवी ओळ लिहिली. 'दमा असलेल्यांनी हे सरबत पिऊ नये.' तमिळमध्ये आणि इंग्रजीत. ठळक.

मी विक्रीच्या धंद्यातला माणूस. अशा ओळींचं काय करायचं हे मला पगार देऊन शिकवलेलं होतं. आमच्या खताच्या पोत्यावरही अशा सूचना असतात, पोत्याच्या शिवणीजवळ, मुंगीला वाचता येतील अशा. मी शहाण्यासारखा म्हणालो, "अत्या, लिहा की. पण मागच्या बाजूला, जरा बारीक अक्षरांत. लिहिल्याचं पुण्यही मिळेल आणि मागणीही राहील."

अत्यांनी चष्मा काढून पुसला. "जावईराव, धाप लागलेल्या माणसास बारीक अक्षरं दिसतात काय?"

 विक्रीच्या कुठल्याच प्रशिक्षणात याचं उत्तर दिलेलं नव्हतं.

मुदलाळी ठरल्याप्रमाणे आला. बातमी त्याला कळली होतीच, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अम्मा, झालं गेलं. तिकडे मद्रासला कोणास ठाऊक आहे? फक्त ही नवी ओळ काढा. सिगारेटवालेसुद्धा सरकारनं लिहायला लावलं म्हणून लिहितात. तुम्हाला कोणी सांगितलंय?"

"मीच मला सांगितलंय."

"बाई हसतेय आणि तिच्या खाली लिहिलंय दमेकऱ्यांनी पिऊ नये. कोण घेईल?"

"ज्यास दमा नाही, तो घेईल. पुष्कळ लोक आहेत, मुदलाळी. त्यांस काही होत नाही. रोज एक पेला घेतला तरी काही होत नाही, हे मी कोणापुढंही सांगेन. पण ज्यास होतं, त्यास आधी कळलं पाहिजे."

त्यानं सरबताचा पेला संपवला, छान झालंय म्हणाला, नमस्कार केला आणि गेला. मागणी त्याच्याबरोबर गेली.

अत्यांनी हे शेडमध्ये स्वतः जाऊन सांगितलं. मी दाराशी होतो.  सेल्वी उभी राहिली. तिच्या आवाजात रडूही होतं आणि रागही. "अम्मा, त्यांचा एकट्याचा दमा. आणि आमची घरं? माझ्या पोरीचा क्लास? आम्ही काय करायचं?"

मला वाटलं, अत्या काहीतरी मोठं, पाठ करण्यासारखं बोलतील.  त्या सेल्वीच्या समोर खाली बसल्या. "तू म्हणतेस ते खरं आहे. तुझं नुकसान मी केलं. पण बाटली कोणाच्या घरी जाईल ते मला ठाऊक नाही, सेल्वी. तुझ्या पोरीच्या सासरी गेली आणि तिच्या सासऱ्यास दमा निघाला, तर?"

सेल्वी पाठ फिरवून निघून गेली. दोन-तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी मी गेलो तर ती नेहमीच्या जागी बसून नवी लेबलं चिकटवत होती. तोंड फुगलेलं, पण हात नेहमीसारखे नीट. एक लेबल वाकडं लागलं म्हणून ते सोलून तिनं दुसरं लावलं. मी खाली वाकून बघितलं. ती ओळ बाटलीच्या पुढच्या बाजूला, बरोबर मध्यावर होती.

लग्न तिरुवैयारूला झालं. व्याही बरे झाले होते आणि आता कुणापासून काही लपवत नव्हते; शिष्यांना शिकवताना खिशातून दम्याच्या औषधाचा फवारा काढून सरळ तोंडात मारत. अत्यांनी त्यांच्यासाठी त्या पुडीशिवायचं सरबत केलं होतं. छोट्या छोट्या बाटल्या, उकळत्या पाण्यात ठेवून निर्जंतुक केलेल्या, उघडली की त्याच दिवशी संपवायची. मांडवात सगळ्यांच्या नजरा पेल्यावर. सासूबाई पदर तोंडात धरून उभ्या. व्याह्यांनी पेला उचलला, अत्यांकडे बघून विचारलं, "अत्या, पाणी घातलंय ना?" मांडव हसला. त्यांनी घटाघटा पेला संपवला आणि दुसरा मागितला. अत्या नुसत्या मान हलवत होत्या, पण भिंगांमागे डोळे ओले दिसले. ते भिंगांमुळे तसे दिसले असतील. त्यांना मी दुसऱ्या कुठल्याही वेळी रडताना पाहिलेलं नाही.

पण शेड वाचली नाही. पुढचा उन्हाळाही तसाच गेला आणि अत्यांनी बोलल्याप्रमाणे कुलूप लावलं. बायका पांगल्या. सेल्वीनं घरी ईडलिंबाचं लोणचं करायला घेतलं. तिची मुलगी क्लास पुरा करून जवळच्या ओरत्तनाडूला एका कचेरीत लागली. ते लोणचं मी खाल्लं आहे. बरणीवर काय घातलंय ते सगळं लिहिलेलं असतं, मीठसुद्धा. तराजू अत्यांनी तिला दिला होता.

माझी बदली झाली आणि आम्ही कऱ्हाडला परतलो. अत्या दरवर्षी सुगुणाला लिंबाचं लोणचं पाठवत राहिल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. झोपेत, शांतपणे. आम्ही पोचलो तेव्हा घरात व्याही बसले होते. आता पुष्कळ म्हातारे झालेले, काठी टेकत. कुणी न सांगताच त्यांनी अत्यांसमोर गायला सुरुवात केली. आवाज मधे मधे तुटत होता, श्वास पुरत नव्हता. ते थांबायचे, फवारा मारायचे आणि पुन्हा तिथूनच उचलायचे. मी आयुष्यात मोठमोठी गाणी ऐकली आहेत असं नाही, पण त्या घरात त्या दिवशी कुणाला हलता येत नव्हतं.

कऱ्हाडला परत आल्यावर चहा घेताना मी सुगुणाला म्हणालो, "काय बाई होती! जे आहे ते आधीच सांगून टाकायचं, स्वतःचं कितीही जावो. मला तर हे अजून जमत नाही. असं माणूस आपल्या घरातलं होतं यावरच विश्वास बसत नाही."

सुगुणानं कप खाली ठेवला.

"तुमचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी अत्यासच विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो म्हणून. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. आळशी आहे. आपल्याच विनोदास आपण आधी हसतो. आईचं नाव निघालं की मत बदलतो. शब्द मोठे वापरतो, काम लहान करतो." तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि म्हणाली, अपायकारक काही नाही, तू खुशाल कर. फक्त निव्वळ घेऊ नको. पाणी घालून घे."